नावावर वाघ काढण्याआधी

नको झालेले गोंदण झाकायचे असेल तर त्यावर दुसरे चित्र काढून घ्यावे, हा सल्ला अमरावती-अकोल्यात आज सहज मिळतो. यात्रेतल्या एखाद्या पालात, पंधरा-सोळाव्या वर्षी, मशीनने काढून घेतलेले कुणाचे तरी नाव असते. पुढे ते माणूस आयुष्यातून जाते, नाव हातावर राहते. मग त्या नावाचे मोरपीस होते, वाघाचा जबडा होतो, नाहीतर गर्द काळा पट्टा. काम जमले तर जुने अक्षर शोधूनही सापडत नाही, आणि ते जमवायला खरेच कसब लागते. माझा आक्षेप त्या कसबाला नाही. आक्षेप आहे तो झाकणे म्हणजे स्वस्तात मिटवणे या समजुतीला. एकदा झाकले की मिटवणे जवळजवळ हाताबाहेर जाते. म्हणून हा निर्णय पहिल्या गोंदणापेक्षाही मोठा आहे, आणि तो घेतला जातो मात्र पहिल्याइतक्याच घाईने.

शाई नेमकी कुठे बसते ते आधी पाहू. कातडीचा वरचा थर सतत झडत आणि नवा होत असतो. शाई तिथे राहिली असती तर काही आठवड्यांत निघून गेली असती. ती त्याच्या खालच्या थरात उतरते. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत. फ्रान्समधील मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, अशी पेशी मेली तरी तिने सोडलेले कण नवी पेशी उचलून घेते. गोंदण टिकते ते या हस्तांतरामुळे. नवे चित्र काढताना सुई याच थरात जाते. भिंतीवर वाळलेल्या रंगावर दुसरा हात मारला की खालचा दिसेनासा होतो. कातडीत मात्र दोन्ही शाया एकाच खोलीवर, एकमेकींत मिसळून राहतात. त्यामुळे फिका रंग गडद रंगाला कधीच झाकत नाही. नवे चित्र जुन्याहून गडद आणि सहसा दुपटी-तिपटीने मोठे घ्यावे लागते. ‘कातडीच्याच रंगाची शाई भरून द्या’ अशी मागणीही होते. ती पुरवून घेऊ नये. अशा शाईत बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असते. खालचा काळा रंग काही काळाने वर डोकावतोच, आणि पुढे लेझर मारले तर ही फिकी शाईच काळपट पडू शकते.

लेझरचे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन संशोधकांनी १९८३ मध्ये मांडले: योग्य तरंगलांबीचा, अत्यंत अल्पकाळ टिकणारा झोत फक्त रंगकणांना तापवून फोडतो, भोवतालची कातडी वाचते, आणि फुटलेले बारीक कण शरीर हळूहळू वाहून नेते. काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटरचा झोत वापरतात. सावळ्या कातडीतले नैसर्गिक रंगद्रव्य हा झोत त्या मानाने कमी शोषते, म्हणून आपल्याकडच्या वर्णाला तो अधिक सुरक्षित. हिरव्या-निळ्यासाठी ६९४ किंवा ७५५ नॅनोमीटर लागतो आणि तो आपले रंगद्रव्य जास्त शोषते. पांढरे किंवा काळे डाग पडण्याचा धोका तिथे वाढतो. यात्रेतले नाव बहुतेक निव्वळ काळे, आजीचे गोंदण तर काजळीचे. म्हणजे लेझरला सर्वांत सोपी शाई आपल्या हातावर आधीच असते, आणि आपण तिच्यावर मोरपिसाचा निळा-हिरवा रंग भरतो.

याचा हिशोबही मांडता येतो. किर्बी-देसाई नावाची एक गुणपद्धती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. कातडीचा वर्ण, जागा, रंग, शाईचे प्रमाण, व्रण आणि गोंदणावर गोंदण आहे का, या सहा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज येते ती अंदाजे लेझरच्या बैठकांची संख्या. गडद सावळा वर्ण, ५ गुण. कोपराखालचा हात, ५. फक्त काळा रंग, १. हौशी हाताने भरलेली थोडी शाई, १. बेरीज १२. त्याच हातावर भरगच्च रंगीत चित्र चढले की रंगाचे १ चे ४ होतात, शाईचे १ चे ४, आणि थरावर थर म्हणून आणखी २. एकूण २०. दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात. म्हणजे दीड-दोन वर्षांचे काम अडीच-तीन वर्षांवर जाते, तेही डाग न पडता निभावले तर.

ज्याला पुढे काही मिटवायचेच नाही त्याने हा हिशोब का करावा, असे कुणी विचारेल. त्याने निदान भरतीचा विचार करावा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या परिसरापासून अकोल्याच्या वसंत देसाई क्रीडांगणापर्यंत पहाटे धावणाऱ्या पोरांत सैन्य आणि निमलष्करी दलांची आस धरलेले कितीतरी आहेत. सैन्याच्या नियमांत कायमस्वरूपी गोंदण कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या पाठीवर चालते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय निकषांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते, पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा हाताच्या पाठीवर, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान. म्हणजे डाव्या हातावरचे छोटे नाव कदाचित तसेच पास झाले असते. ते लपवायला काढलेला मनगट ते कोपर वाघ पास होणार नाही. दंडावरचे नाव असेल तर झाकून उपयोगच नाही, कारण तिथे आक्षेप जागेला आहे. त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय कोणत्याही पोराने सुईखाली हात देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लेझर महाग, बैठका अनेक, आणि केंद्रे शहरात. धारणीहून अमरावतीला यायचे तर दीडशे किलोमीटरच्या आसपासचा घाटरस्ता. दर दोन महिन्यांनी मजुरी बुडवून ते कोण करणार? शिवाय मारझोड करणाऱ्या नवऱ्याचे नाव हातावर वागवणाऱ्या बाईला ‘दोन वर्षे थांब’ सांगणे क्रूरपणाचे आहे. हे मला मान्य आहे. जिथे व्रण कमी आहेत, जागा ऐसपैस आहे, नोकरीची आडकाठी नाही, तिथे झाकणे हा पूर्ण शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो. माझा आग्रह मधल्या वाटेसाठी आहे: पूर्ण मिटवायचे नसले तरी दोन-तीन बैठका घेऊन जुने फिके करावे, कातडी पूर्ण भरून येऊ द्यावी, आणि मग झाकावे. फिक्या अक्षरावर चित्र लहान पुरते, काळ्याचा मारा कमी लागतो, आणि कलाकारालाही नुसते लपवण्याऐवजी काहीतरी रेखाटायला मिळते. चांगला टॅटूवाला हे स्वतःहून सुचवतो. ‘आजच करून देतो’ म्हणणाऱ्याकडून उठून यावे.

कपाळावरच्या आणि हनुवटीवरच्या ठिपक्यांची गोष्ट निराळी. वऱ्हाडातल्या जुन्या बायकांच्या हातांवर तुळस, विंचू, ठिपक्यांच्या ओळी दिसतात. मेळघाटातल्या कोरकूंतही गोंदणाची परंपरा आहे. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, ही श्रद्धा त्यामागे आहे. तो वारसा आहे, मिटवू नये, असे सांगणारे बहुधा स्वतःच्या कपाळावर तो वागवत नसतात. पाच-सात वर्षांच्या मुलीला कुणी विचारले नव्हते. शिकून शहरात आलेल्या तिला तो ठिपका नको असेल तर त्यात परंपरेचा द्रोह नाही. पण तिला तो नकोसा का झाला हेही पाहावे. वर्गातल्या टोमण्यांमुळे झाला असेल तर दोष ठिपक्याचा नाही. सैन्यानेही अधिसूचित जमातींच्या उमेदवारांना रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी वेगळी सवलत ठेवली आहे, हे तिच्या भावांना ठाऊक असावे. आणि काढायचेच ठरले तर चेहऱ्यावर झाकण्याचा पर्याय नसतोच. काजळीच्या लहान ठिपक्याला त्याच गुणपद्धतीत गुणही कमी पडतात. चेहऱ्यासाठी जागेचा १ गुण, हातासाठी ५.

राहिले घरगुती उपाय. चुना, ॲसिड, मीठ घासणे, आणि आपल्या भागात हाताशी असलेला बिब्बा. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड उठतात, शाई बऱ्याचदा खालीच राहते, आणि उरतो तो उंचवट्याचा व्रण. अशा व्रणावर लेझर नीट चालत नाही आणि नवी शाईही एकसारखी बसत नाही, म्हणजे दोन्ही दारे एकदम बंद. लेझर असो वा सुई, वेळ निवडावी ती दिवाळीनंतरची. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस ओलांडतो. उन्हाने रापलेली कातडी झोत स्वतःच शोषते आणि भाजते. ताजी शाईही त्या उन्हात आणि घामात नीट भरत नाही. शेतात राबणाऱ्याने तर कापसाची वेचणी उरकेपर्यंत थांबावे आणि नंतरही बाही खाली ठेवावी. नव्या गोंदणानंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, तेव्हा घरात कुणाला रक्त लागण्यासारखे असेल तर तेही आधीच मोजावे.