गप्पींची पिलावळ

मुलाच्या वाढदिवसाला काचेची टाकी येते, तिच्यात दोन-चार रंगीत मासे येतात आणि आठवडाभर घरातले कोणी त्या टाकीपुढून हलत नाही. मासे कोणते घ्यावेत याविषयी दुकानदाराचा सल्ला बहुधा ठरलेला असतो : गप्पी घ्या. किंमत थोडी, प्रकृती चिवट, पाणी थोडेफार बिघडले तरी निभावून नेणारी जात. नराच्या शेपटीवर रंगांची उधळण, मादी अंगाने मोठी पण रूपाने साधी. महिन्याभरात पिल्ले होतील हे दुकानदार सांगत नाही. सांगितले तरी त्या वेळी ते शुभवर्तमानच वाटते. पहिल्या वेताची पिल्ले पाहायला शेजारपाजारची मुले गोळा होतात. दुसऱ्या वेताची पिल्ले बरण्यांत घालून शेजाऱ्यांना वाटली जातात. तिसऱ्या वेतापासून शेजारी टाळू लागतात. आणि सहाव्या महिन्यात घरातील कर्ता पुरुष त्या टाकीपुढे उभा राहून, ही एवढी पलटण आता ठेवायची कोठे, या विवंचनेत पडतो.

ही विवंचना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु तिच्यातून सुटण्यासाठी पुष्कळ जण जो मार्ग धरतात, म्हणजे पिशवी भरून जवळच्या तळ्यात नाहीतर ओढ्यात रिकामी करून येतात, त्याचे परिणाम घरातील टाकीपुरते राहत नाहीत.

गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला आणि त्रिनिदाद बेटातला मासा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पीटर्स याने १८५९ साली व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमीअर गप्पी या गृहस्थांनी काही नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठविले आणि १८६६ साली तेथील गुंथर या शास्त्रज्ञाने, मासा नवा आहे अशा समजुतीने, त्याला गप्पींचे नाव दिले. शास्त्राच्या नियमाप्रमाणे पीटर्सचे आधीचे नाव कायम झाले. लोकांच्या तोंडी मात्र गप्पीच राहिला. हे गप्पी त्रिनिदादमध्ये शाळांचे प्रमुख निरीक्षक होते. शाळाखात्यातील एका अधिकाऱ्याचे नाव जगभरच्या मुलांच्या तोंडी असे बसावे, ही गंमतच म्हणायची.

बहुतेक मासे अंडी घालतात. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही मंडळी मात्र पिल्ले प्रसवतात. गप्पीच्या मादीला पोटात पिल्ले वाढविण्यास साधारण चार आठवडे लागतात. पाणी उबदार असेल तर त्याहूनही कमी. एका वेतात वीस ते पन्नास पिल्ले सहज होतात. मोठ्या मादीला शंभरपर्यंतही होतात. ही पिल्ले जन्मतःच पोहतात आणि दोन-तीन महिन्यांत स्वतः आईबाप होतात. त्यातच आणखी एक विलक्षण सोय निसर्गाने करून ठेवली आहे : मादी नराचे बीज आपल्या शरीरात कित्येक महिने जपून ठेवू शकते. त्यामुळे नर काढून घेतला तरी त्याच्यामागे वेतांमागून वेते होत राहतात. दुकानातून केवळ माद्याच आणल्या आणि तरी पिल्ले कशी झाली, असा अचंबा करणाऱ्याला उत्तर येथे मिळते. एका वेताला तीस पिल्ले आणि त्यांत निम्म्या माद्या धरल्या, तर पहिल्याच वेताच्या पंधरा मुली वयात येताच एका महिन्यात साडेचारशे नाती-नातवंडांची भर घालतील. अर्थात असे कोठेही होत नाही. आणि ते का होत नाही, यातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील ब्रेडर आणि कोट्स या दोघांनी १९३२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका टाकीत त्यांनी एकच गाभण मादी सोडली. दुसरीत लहानमोठे, नर-मादी असे मिश्र पन्नास गप्पी सोडले. खायला भरपूर घातले. काही महिन्यांनी पाहतात तो दोन्ही टाक्यांत नऊ नऊ मासे ! एकीत संख्या वाढून नवावर थांबली होती, दुसरीत घटून नवावर आली होती. आणि नर-माद्यांचे प्रमाणही दोन्हीकडे एकास दोन असे होते. अन्नाचा तुटवडा नव्हता. मोठे मासे नवी पिल्ले जन्मताच गिळून टाकीत होते. टाकीत किती जणांचा समावेश होऊ शकतो, हे जणू त्यांनी आपसात ठरवून टाकले होते.

आता गृहस्थ काय करतो ? पिल्ले खाल्ली जात आहेत हे पाहून त्याचा जीव कळवळतो. तो पिल्ले वेगळ्या बरणीत काढतो, लपण्यासाठी दाट पाणवनस्पती लावतो, पिल्लांसाठी उकडलेल्या अंड्याचे बलक कालवून घालतो. दयाबुद्धी खरी, परंतु टाकीला परवडणार नाहीत इतके जीव तिच दयाबुद्धी वाढविते. मग पाण्यात माशांच्या मलमूत्राचे अमोनिया साठते. ते पचवून निरुपद्रवी करणारे सूक्ष्म जंतू टाकीच्या गाळणीत व वाळूत असतात खरे, पण त्यांच्या शक्तीलाही मर्यादा आहे. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, परांना बुरशी धरते, पाठीचा कणा वाकलेली पिल्ले दिसू लागतात. शेवटी एका रात्रीत निम्मी टाकी मरते. आधी एकेक पिलू वाचविण्यासाठी केलेली धडपड अशा रीतीने सगळ्यांच्याच मुळावर येते.

एवढी प्रजा कशासाठी, याचे उत्तर त्रिनिदादच्या ओढ्यांतून मिळते. तेथे धबधब्यांच्या खालच्या पाण्यात गप्पी खाणारे मोठे मासे असतात. धबधब्यांच्या वर ते चढू शकत नाहीत. खालचे गप्पी लवकर वयात येतात आणि पुष्कळ, लहान लहान पिल्ले देतात. वरचे उशिरा वयात येतात आणि थोडी, पण मोठी पिल्ले देतात. एन्डलर या शास्त्रज्ञाने १९७६ साली खालचे काही गप्पी वरच्या निर्धास्त पाण्यात नेऊन सोडले. अकरा वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांचे वंशज उशिरा वयात येऊ लागले होते आणि पिल्लांची संख्या घटली होती. रेझ्निक, ब्रायगा आणि एन्डलर यांनी हे निष्कर्ष १९९० साली मांडले. म्हणजे गप्पीची ही बेसुमार पिलावळ शत्रूचा वाटा धरूनच ठरलेली असते. घरच्या टाकीत तो वाटेकरी नसतो, एवढाच फरक.

पिल्ले दुकानदाराला परत द्यावीत, हा पहिला विचार स्वाभाविक. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरील रविवारच्या बाजारात किंवा चेन्नईच्या कोळत्तूर भागात रंगीत माशांचा मोठा व्यापार चालतो. पण घरच्या पिल्लांना तेथे भाव येत नाही. त्याला कारण आहे. नराच्या अंगावरील कित्येक रंगखुणा बापाकडून थेट मुलाकडे जातात, हे श्मिट याने १९२० साली आणि विंगे याने १९२२ साली डेन्मार्कमध्ये दाखवून दिले. एका रंगाची वाणे निवडून, वेगळी ठेवून, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावी लागतात. घरच्या टाकीत तीन वाणे एकत्र नांदली की चौथ्या पिढीत कसलाच डौल नसलेली संमिश्र प्रजा हाती येते. व्यापारी ती घेतलीच, तर मोठ्या माशांचे खाद्य म्हणून घेतो. आणि हे देणाऱ्याने आधी समजून घेतलेले बरे.

मग तळे उरते. तळ्यात जीव सोडणे म्हणजे जीवदान, अशी आपल्याकडील भाविक समजूत. शिवाय डास खाणारा मासा म्हणून गप्पीची ख्याती आहेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गप्पी आणि गँबुशिया हे दोन्ही मासे डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिंदुस्थानात आणले गेले, आणि आजही नगरपालिकांची हिवताप खाती गप्पी पाळतात व सोडतात. परंतु कोठे ? वापरात नसलेली विहीर, कारंज्याचा हौद, बांधकामावरील पाण्याची टाकी, अशा बंदिस्त जागी. ओढा, नदी, तलाव ही गोष्ट निराळी. तेथे डासांच्या अळ्या खाणारे देशी मासे मूळचेच असतात. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतील माशांवरील आपल्या १८२२ सालच्या ग्रंथात ज्याचे वर्णन केले, तो डोक्यावर चकाकता ठिपका मिरविणारा पँचॅक्स त्यांपैकीच एक. बाहेरून आलेला गप्पी त्याच अन्नावर आणि त्याच उथळ, शेवाळी काठावर हक्क सांगतो. आणि एकच गाभण मादी नवी वसाहत वसविण्यास पुरेशी होते.

गप्पी निदान लहान तरी. टाकीची काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा हातभर वाढला की असाच बाहेर टाकला जातो. तो आता पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत आणि आंध्रातील जलाशयांत माजला असून, २०२० साली वाराणसीजवळ गंगेतही सापडला. त्याच्या कठीण काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाटतात, आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. २०१८ च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत अमेरिकेतील अवाढव्य मासे मिळाले, ते पाळलेल्या तळ्यांतूनच निसटले होते. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार आणि प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनाला मिळाला आहे. पण रात्री तळ्याकाठी पिशवी रिकामी करणाऱ्या माणसाला कोणता शिपाई अडविणार?

तेव्हा घरच्या घरी व्यवस्था लावणे आले. सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रथमपासून केवळ नर पाळावेत; रंगाचे सारे वैभव त्यांच्याकडेच असते. नराचा पोटाखालचा पर काडीसारखा निमुळता, मादीचा पंख्यासारखा पसरट आणि तिच्या पोटामागे काळसर डाग असतो. पिल्ले झालीच असतील तर ती महिन्याची होण्याच्या सुमारास रोज पाहून नर वेगळे काढावेत. चार दिवसांचा आळस पुढच्या वेताला कारण होतो. ज्यांना नर-माद्या एकत्रच हव्यात त्यांनी लपण्याची झुडपे कमी करावीत, पिल्ले उचलू नयेत आणि ब्रेडर-कोट्सच्या टाकीत झाले ते होऊ द्यावे. पुरेशी मोठी टाकी असल्यास एखादा एंजल मासा ठेवला तरी पिल्लांचा हिशेब तोच राखतो. पाहणाऱ्याला हे कठोर वाटेल. गप्पीच्या आयुष्यात मात्र ते मुळीच नवे नाही. उरलेले धडधाकट मासे शाळेच्या टाकीला किंवा, विचारून मगच, हिवताप खात्याला द्यावेत.

व्यंग असलेल्या वा दुखणाईत पिल्लांचे काय, हा खरा अवघड भाग. ती शौचकूपात सोडणे किंवा बर्फात घालणे हे दोन्ही प्रकार क्रूर आहेत. पशुवैद्यकात त्यासाठी लवंगेच्या तेलाचा उपयोग मान्य आहे, कारण त्यातील युजेनॉल या द्रव्याने माशाला गुंगी येते. बाटलीत थोड्या कोमट पाण्याबरोबर तेल खूप हलवून दुधाळ करावे, आणि टाकीतलेच पाणी घेतलेल्या वेगळ्या भांड्यात, मासा त्यात असताना, हळूहळू ओतावे. लिटरमागे आठ-दहा थेंब तेल पुरते. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास मासा तसाच राहू द्यावा आणि मग कुंडीतल्या मातीत पुरावा. हे काम मुलांपासून लपविण्याचेही कारण नाही. टाकी त्यांच्यासाठीच आणलेली असते.

आणि टाकी धुताना निघालेले पाणी गटारात न ओतता फुलझाडांना घालावे. ते झाडांना मानवते. मात्र आधी फडक्यातून गाळून घ्यावे, कारण नुकतेच जन्मलेले गप्पीचे पिलू नखाहूनही लहान असते आणि गढूळ पाण्यात ते डोळ्यांना दिसत नाही.