आगकाडी कशी तयार होते?

काडेपेटीच्या कडेवर घासताच आगकाडी पेटते. भिंतीवर किंवा दगडावर घासल्यास मात्र ती सहसा पेटत नाही. या साध्या वाटणाऱ्या गुणामागे रसायनशास्त्र आहे आणि कामगारांनी सोसलेल्या यातनांचा इतिहासही आहे.

आगकाडीसाठी मऊ, हलके लाकूड निवडतात. साल काढलेला ओंडका यंत्रावर फिरवून धारदार पात्याने त्याचा पातळ पापुद्रा सोलला जातो व त्याच्या काड्या कापल्या जातात. या काड्या अमोनियम फॉस्फेटच्या द्रावणात भिजवून वाळवल्यास विझल्यानंतर धुमसत राहत नाहीत. पुढे काडीचे टोक वितळलेल्या मेणात बुडवतात, म्हणजे ज्योत लाकडापर्यंत सहज पोहोचते. शेवटी पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड, रंग आणि सरस यांच्या लगद्यात ते टोक बुडवून वाळवले की गुल तयार होतो.

पेटीच्या कडेवर तांबडा फॉस्फरस, काचेची पूड आणि सरस यांचा लेप असतो. काडी घासली की घर्षणाच्या उष्णतेने तेथील किंचित फॉस्फरस पेट घेतो. गुलातील क्लोरेट प्राणवायू पुरवते, गंधक जळू लागते आणि ज्योत उमटते. पेट घेणारी रसायने अशी दोन ठिकाणी विभागलेली असल्यामुळेच हिला 'सुरक्षित आगकाडी' म्हणतात.

पूर्वी असे नव्हते. इंग्लंडमधील जॉन वॉकर यांनी १८२७ मध्ये घर्षणाने पेटणाऱ्या काड्या विकण्यास प्रारंभ केला. त्यानंतर गुलात पांढरा फॉस्फरस वापरला जाऊ लागला. ती काडी कोठेही घासली तरी पेटे. परंतु फॉस्फरसच्या विषारी वाफेमुळे कारखान्यांतील कामगारांच्या जबड्याचे हाड कुजत असे. स्वीडनमधील गुस्ताफ एरिक पाश यांनी १८४४ मध्ये तांबड्या फॉस्फरसचा पर्याय शोधला. तरीही पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९०६ मध्ये बर्न येथे झाला, तर भारतात तसा कायदा १९१३ मध्ये आला.

भारतातील आगकाडी उद्योगाचे प्रमुख केंद्र तमिळनाडूतील शिवकाशी, सात्तूर व कोविलपट्टी हा परिसर आहे. शिवकाशीत १९२३ मध्ये हा उद्योग सुरू झाला. तेथील कोरडी हवा काड्या वाळवण्यास अनुकूल ठरली. मात्र पुढे अनेक वर्षे शाळेत जाण्याच्या वयातील मुले या भागात काड्या रचण्याचे आणि पेट्या भरण्याचे काम करीत होती. शिवकाशीतील बालमजुरीसंबंधी याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निर्णय देताना, कायदा मोडून बालकाला कामावर ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक बालकामागे २० हजार रुपये भरावेत, असा आदेश दिला. ही रक्कम त्या मुलांच्या कल्याणासाठी वापरावयाची होती.

काडी वापरणाऱ्याच्या हाती ती सुरक्षित झाली, त्यानंतर दीड शतक लोटले. ती घडवणारे हातही सुरक्षित असले पाहिजेत, हे मान्य होण्यास मात्र बराच काळ लागला.