नियम आणि छायाचित्र

छायाचित्रकलेच्या पुस्तकात पहिला धडा बहुधा तिसऱ्या हिश्श्याचा असतो: चौकटीचे उभेआडवे तीन-तीन भाग पाडा आणि मुख्य वस्तू त्या रेघांवर ठेवा. हा नियम कॅमेऱ्याहून जुना. जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांसंबंधी लिहिताना त्याला हे नाव दिले. छायाचित्रण जगापुढे आले १८३९ साली.

मी कामगारांत वावरलेला, म्हणून उदाहरण गिरणीचेच घेतो. लुइस हाइन याने १९०८ साली अमेरिकेत, दक्षिण कॅरोलायनातील लँकेस्टरच्या कापडगिरणीत, एका मुलीचे चित्र घेतले. चात्यांची रांग दूरवर निमुळती होत जाते. तिच्यापाशी ४८ इंच उंचीची ती पोर. रेघा नजरेला आत ओढतात, हा नियम येथे खराच कामाला आला. पण का? रांग संपत नाही, तसे पोरीचे कामही संपत नाही, हे त्या रेघा सांगतात म्हणून. हाइन मुलांची उंची स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांशी ताडून पाही. काय दाखवायचे, हे त्याचे आधीच ठरलेले होते.

नवशिक्याला मात्र नियमाने एक फायदा होतो: माणूस मधोमध उभा करण्याची खोड सुटते. आमच्या सभांचे फोटो पाहा, मधोमध पुढारी आणि कडेला अर्धे कापलेले कामगार!