गुणवत्ता होती, तरीही हुर्यो!

गुणवत्ता असली की जात आडवी येत नाही, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. ऑस्ट्रेलियाचा मूळनिवासी फुटबॉलपटू अ‍ॅडम गुड्स याच्याकडे काय कमी होते? 'ऑस्ट्रेलियन रूल्स' या तिथल्या फुटबॉलमध्ये तो सिडनी स्वान्सकडून ३७२ सामने खेळला. सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक त्याने २००३ व २००६ साली, असे दोनदा मिळवले. तोवर टाळ्याच होत्या.

२०१३ साली मेलबर्नच्या मैदानावर तेरा वर्षांच्या एका गोऱ्या मुलीने त्याला 'वानर' म्हटले. त्याने बोट दाखवून ते थांबवले. तिला दोष देऊ नका, हेही दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला! त्याच्या आईला सरकारने बालपणीच घरातून उचलून नेले होते. २०१४ चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाल्यावर तो वंशभेदावर उघड बोलू लागला आणि मैदानामागून मैदाने त्याची हुर्यो उडवू लागली. २०१५ मध्ये गोल करून त्याने मूळनिवासी युद्धनृत्य केले, तेव्हा तर कहरच झाला. म्हणे, तो फ्री किकसाठी मुद्दाम पडतो म्हणून हुर्यो. वंशाचा काय संबंध? ही सबब आमच्या चांगल्या ओळखीची आहे.

त्याच सप्टेंबरात तो निवृत्त झाला. २०१९ मध्ये लीगने व अठराही क्लबांनी माफी मागितली. २०२१ मध्ये 'हॉल ऑफ फेम'चा सन्मान देऊ केला. गुड्सने तो नाकारला.