भाकरीची लाज कशाला?

भाकरी म्हणजे गरिबीची खूण, असे समजून आपल्यापैकी अनेकांनी ती ताटातून काढली. चहाबरोबर खारी-टोस्ट आले, पोळीचे पीठ बारीक चाळले जाऊ लागले. त्या चाळणीवर राहणारा कोंडाच आपल्या कामाचा आहे.

कोंड्यातले तंतू पचत नाहीत, पण काम करतात. आपले यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवते. हे पित्त आतड्यात चरबी पचवते आणि बरेचसे परत शोषले जाते. पाण्यात विरघळणारे तंतू आतड्यात चिकट होऊन पित्ताला धरून ठेवतात, शौचावाटे बाहेर नेतात. मग नव्या पित्तासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते.

असे तंतू जवात भरपूर असतात. रोज ३ ग्रॅम पोटात गेले तर कोलेस्टेरॉल थोडे उतरते. ज्वारी-बाजरीचे तंतू मुख्यतः पोट साफ ठेवतात. म्हणून भाकरीबरोबर डाळ, मटकी, हरभरा हवाच.

पीठ चाळू नका, त्यात थोडे जवाचे पीठ मिसळा, पाणी भरपूर प्या. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

तथागतांनी राजा प्रसेनजितालाही जेवणाची मात्रा ओळखायला सांगितले होते. आपणही ताटाकडे डोळसपणे पाहू या. जयभीम!