टेपरेकॉर्डरचा खटका

जालना जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातले जुने घर डोळ्यांपुढे आणा. दिवाळीची झाडलोट चालली आहे. माळ्यावरून पितळी घंगाळ, तुटका पाळणा आणि जुनी पोती खाली येतात. त्यांच्याबरोबर धुळीने माखलेली एक पेटीही येते. पेटीला दोन बाजूंस दोन कर्णे आहेत, वर मूठ आहे, पुढे बटणांची रांग आहे आणि मधोमध कॅसेट ठेवण्याचा कप्पा आहे. रेडिओ व टेपरेकॉर्डर एकाच पेटीत असल्यामुळे लोक तिला ‘टू-इन-वन’ म्हणत असत. पेटीबरोबर एक कॅसेटही सापडते. तिच्यावर शाईने लिहिलेले असते, ‘आजीच्या ओव्या’.

आजी तर आता नाही. मुले उत्सुकतेने पेटीत सेल घालतात, कॅसेट बसवतात आणि बटण दाबतात. पण आवाज येत नाही. कोणी म्हणते, “यंत्र मेले. भंगारात द्या.” हा निकाल योग्य आहे काय? पुष्कळदा तो योग्य नसतो. अशा पेटीतील मोटर, तारा आणि कर्णे शाबूत असतात. बिघाड असतो तो केवळ एका लहानशा खटक्यात. तो कसा होतो व कसा दूर करता येतो, ते आता पाहू.

प्रथम कॅसेटची थोडी ओळख करून घेऊ. फिलिप्स या कंपनीतील लू ओटेन्स व त्यांचे सहकारी यांनी ही लहान कॅसेट तयार केली आणि १९६३ साली बर्लिन येथील प्रदर्शनात ती जगापुढे आली. तिच्यातील फीत अवघी ३.८१ मिलिमीटर रुंद असते व ती सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकते. फितीवर चुंबकीय पदार्थाचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात. आपण बोलतो तेव्हा आवाजाच्या चढउताराप्रमाणे या कणांचे चुंबकत्व बदलते व तसेच टिकून राहते. पुढे हीच फीत यंत्राच्या ‘हेड’ नावाच्या भागावरून सरकली, की त्यात क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो वाढवून कर्ण्याकडे पाठवला, म्हणजे तोच आवाज पुन्हा ऐकू येतो.

या सर्व कामात खटक्यांचे स्थान फार महत्त्वाचे आहे. खटका म्हणजे विजेच्या वाटेवरील फाटक होय. फाटक उघडे असले, की वाट तुटते; लागले, की वाट जोडली जाते. टेपरेकॉर्डरमध्ये मुख्यत्वे दोन प्रकारचे खटके असतात. पहिला पातीचा खटका. यात धातूच्या दोन लवचिक पात्या समोरासमोर बसवलेल्या असतात. ऐकण्याचे बटण दाबले, की एक पाती दुसरीस टेकते व मोटर फिरू लागते. दुसरा सरकता खटका. हा लांबट असून त्याच्या पोटात धातूच्या अनेक टिकल्या रांगेने असतात. तो एका बाजूस असताना यंत्र आवाज ऐकवते. दुसऱ्या बाजूस सरकला, म्हणजे तेच यंत्र आवाज नोंदवू लागते. रेडिओ ऐकावयाचा की टेप, हे ठरवणारा खटकाही याच जातीचा असतो.

या दोन खटक्यांचे रोग मात्र भिन्न आहेत. पातीच्या खटक्यातून मोटरला लागणारा मोठा प्रवाह जातो. दर वेळी पात्या विलग होताना तेथे बारीकशी ठिणगी उडते. वर्षानुवर्षे ठिणग्या उडून पात्यांची टोके काळी पडतात व त्यांस खाचा पडतात. शिवाय वारंवार वाकल्यामुळे पातीतील ताण कमी होतो आणि ती दुसरीपर्यंत नीट पोचत नाही. मग बटण दाबूनही मोटर फिरत नाही.

सरकत्या खटक्यात ठिणगीचा प्रश्न नसतो. हेडकडून येणारा विजेचा दाब एका व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. इतक्या दुबळ्या दाबाला अडवण्यास मळाचा पातळसा थरही पुरेसा होतो. आईचे चांदीचे पैंजण काही महिन्यांत कसे काळवंडतात, हे तुम्ही पाहिले असेल. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर तो काळा थर चढतो. खटक्यातील टिकल्यांवर पुष्कळदा चांदीचाच मुलामा असतो. म्हणून त्याही तशाच काळवंडतात. त्यातच काळ्या रानाची उन्हाळ्यातील धूळ आणि कापसाचे तंतू पेटीत शिरतात. परिणामी आवाज खरखरतो, मध्येच तुटतो, किंवा दोन कर्ण्यांपैकी एकच बोलतो.

आता दुरुस्तीकडे वळू. हे काम घरातील जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. पेटी विजेवर चालत असेल तर प्रथम तिची वायर भिंतीपासून काढावी व सेलही बाहेर काढावेत. मग स्क्रू काढून ते क्रमाने एका वाटीत ठेवावेत. कोणती तार कोठे आहे, याचे चित्र वहीत काढून ठेवावे. पेटी उघडणे सोपे असते. ती पूर्ववत जोडणे अवघड असते.

पातीचा खटका स्वच्छ करण्यास कोऱ्या कागदाची पट्टी पुरते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओली करावी, पात्यांच्या मध्ये घालावी, पात्या हलकेच मिटाव्यात आणि पट्टी ओढून घ्यावी. पट्टीवर काळा डाग उमटतो. डाग उमटेनासा होईपर्यंत असे करावे. येथे सँडपेपर वापरण्याचा मोह होतो. पण त्याने मळाबरोबर मुलामाही निघून जातो व खटका पूर्वीपेक्षा लवकर खराब होतो. पाती सैल झाली असेल, तर ती चिमट्याने केसभरच वाकवावी.

सरकता खटका न उघडताही स्वच्छ होतो. बाजारात यासाठी खास फवारा मिळतो. त्याचे दोन थेंब खटक्याच्या फटीत सोडून तो वीस-पंचवीस वेळा पुढेमागे सरकवावा. त्या घर्षणाने मळ सुटतो. घासलेट मात्र वापरू नये. त्याचा तेलकट थर मागे राहतो व त्यावर पुन्हा धूळ चिकटते. पेट्रोल तर मुळीच वापरू नये. त्याने प्लॅस्टिक खराब होते आणि आग लागण्याचे भय असते. अल्कोहोलही पेट घेणारे आहे, म्हणून जवळपास दिवा वा काडी नसावी. सर्व भाग पूर्ण वाळल्यावाचून सेल घालू नयेत.

इतके करूनही गुण आला नाही, तर टिकल्या झिजून गेल्या आहेत असे समजावे. झिजलेली धातू पुसण्याने परत येत नाही. अशा वेळी कुशल कारागीर डाख वितळवून जुना खटका काढतो आणि तितक्याच टिकल्यांचा व तितक्याच अंतरावर पाय असलेला दुसरा खटका बसवतो. तसा खटका नवा न मिळाल्यास तो दुसऱ्या मोडक्या पेटीतून काढून घेतो.

दुरुस्ती संपली, की आजीची कॅसेट लगेच लावावी काय? नाही! नोंदणीचा खटका अर्ध्या वाटेत अडकला असेल, तर जुना आवाज पुसला जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून पाहावे. तसेच जपून ठेवावयाच्या कॅसेटच्या मागील कडेस प्लॅस्टिकच्या ज्या दोन लहान जिभा असतात, त्या मोडून टाकाव्यात. त्या मोडल्या, की नोंदणीचे बटण खाली जात नाही व चुकीने आवाज पुसला जात नाही. आवाज नीट येऊ लागला, म्हणजे संगणकावर किंवा फोनवर त्याची प्रत त्वरित काढून ठेवावी. कारण फीतही काळाने जीर्ण होते.

एका आजीच्या ओव्यांसाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रितही केल्या. दळणाच्या गिरण्या आल्या, घरोघरची जाती थांबली आणि ती गाणीही ओठांवरून जाऊ लागली. जे ध्वनिमुद्रित झाले, तेच आज त्या बायकांच्या आवाजात ऐकता येते.

जालन्यातील पोलादाच्या कारखान्यांत भंगार लोखंड भट्टीत वितळवतात आणि त्याच्या नव्या सळया करतात. लोखंडाचे ते भाग्य आहे. फितीवरील आवाजाचे तसे नाही. तो एकदा पुसला गेला, की कोणत्याही भट्टीतून पुन्हा घडवता येत नाही. म्हणून एखादी जुनी पेटी भंगाराच्या गाडीवर चढवण्यापूर्वी तिचा खटका एकदा तपासून पाहावा. कदाचित कागदाची एक पट्टी आणि औषधाचे दोन थेंब एवढ्यानेच आजी पुन्हा गाऊ लागेल.

अभ्यास

१. पातीचा खटका व सरकता खटका यांच्या बिघाडांची कारणे निरनिराळी का असतात?
२. खटका साफ करताना सँडपेपर व घासलेट का वापरू नये?
३. महत्त्वाची कॅसेट लावण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?
४. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून एक ओवी किंवा जुने गाणे ऐका व ते वहीत उतरवून घ्या.