कानाचं वय वेगळं!

पोरगं ३ वर्षांचं आणि कान ६ महिन्यांचे! हे गणित एकदा डोक्यात बसलं, की कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलाच्या घरातला निम्मा ताण उतरतो. पण बसवायचं कुणाकुणाच्या डोक्यात? आजीच्या, शेजारणीच्या, लग्नात भेटणाऱ्या प्रत्येक मावशीच्या. "एवढं ऑपरेशन केलं, अजून बोलत कसा नाही गं?"

त्याचं असं आहे. ऑपरेशन झालं म्हणजे लगेच ऐकू येत नाही. जखम भरली, की काही आठवड्यांनी कानामागे प्रोसेसर लावून 'स्विच ऑन' करतात. माइक आवाज पकडतो, प्रोसेसर त्याचे सिग्नल बनवतो, लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली कॉइल ते कातडीखालच्या इम्प्लांटला पोचवते आणि आतल्या कानातले इलेक्ट्रोड थेट श्रवणाच्या नसेला चेतवतात. मेंदूला हे सगळं नवं. काही मुलं त्या दिवशी दचकून रडतात. कानाचं वय तिथून मोजायचं. ऐकणारं बाळसुद्धा पहिला शब्द काढायला वर्षभर घेतंच की!

मग सुरू होतो घरचा भाग, आणि माझ्या मते खरा तोच. प्रोसेसरच्या मॅपिंगसाठी पुणं गाठायचं तर नगरहून सव्वाशे किलोमीटर. (कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच!) थेरपिस्ट भेटणार तासभर. उरलेला दिवस भाकरी थापताना कॉमेंटरी चालू ठेवायची: "पीठ घेतलं. पाणी घातलं. आता थापू या, थप थप." रोज सकाळी आई मागे बसून सहा आवाज काढते: आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला, की पोरगं डब्यात मणी टाकतं. 'स'ला मणी पडला नाही, की आधी बॅटरी आणि केबल तपासायची. हा खेळ आजीला शिकवा. बोलायला त्या थकत नाहीत!

रात्री झोपताना प्रोसेसर निघतो आणि मूल पुन्हा पूर्ण शांततेत जातं. वस्तीवर लाइट गेली, की आईचे ओठही दिसत नाहीत. अशा वेळी टॉर्च स्वतःच्या चेहऱ्यावर धरायची. 'मी इथेच आहे' एवढी एक खूण तरी आधीच ठरलेली हवी.

आता पैसा. केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ मध्ये उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या घरांतल्या ५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी इम्प्लांट आलं, तेव्हा मर्यादा ६ लाखांची होती. वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते. पण बाहेरचा प्रोसेसर काही जन्मभर टिकत नाही. वॉरंटी संपली, की केबल, कॉइल, बॅटऱ्या बहुतेकदा घरच्याच खिशातून. त्यात थेरपीसाठी नोकरी सोडते ती बहुधा आईच. बाबा सोडत नाहीत, हेही लिहायलाच हवं.

तुम्ही अशा मुलाचे काका, मामा किंवा आत्या असाल, तर वाढदिवसाला आणखी एक रिमोटची गाडी नेण्याआधी बॅटऱ्या कुठल्या लागतात ते विचारा. आणि पुण्याची पुढची एक खेप तुम्ही मारा.